ड्रॅगन मरतो, वेस मात्र उभीच राहते!

मुलगा संगणकापुढे बसला की घरात वाद ठरलेला. आई म्हणते, "डोळे जातील रे तुझे!" वडील दुसऱ्या पाळीवरून दमून आलेले असतात, ते म्हणतात, "बंद कर ते खूळ." आणि मुलगा म्हणतो, "पाच मिनिटं, पप्पा!" त्या पाच मिनिटांचा तास-दीड तास होतो. हा प्रसंग आता कितीतरी घरांत घडतो. पण त्या पडद्यावर आपली मुले नेमके काय पाहतात, कोणत्या राज्यात फिरतात, कुणाच्या बाजूने लढतात, हे आपल्यापैकी किती आईबापांनी जवळ बसून पाहिले आहे?

एखादा सिनेमा पाहून आलो की आपण त्यावर बोलतो. नायक कोण होता, गरीब माणूस कसा दाखवला, बाईला मान दिला की नाही, याची चर्चा घरात होते. मग ज्या खेळात मुले शंभर-शंभर तास घालवतात, त्याची अशीच तपासणी का करू नये? म्हणून आज अशाच एका जगभर गाजलेल्या खेळाची ओळख करून घेऊ. त्याचे नाव 'द एल्डर स्क्रोल्स फाइव्ह : स्कायरिम'.

खेळ आहे तरी काय?

अमेरिकेतील मेरिलँड राज्यातल्या बेथेस्डा गेम स्टुडिओज या संस्थेने टॉड हॉवर्ड यांच्या दिग्दर्शनाखाली हा खेळ तयार केला. तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला. त्यानंतर नवनव्या यंत्रांसाठी त्याच्या आवृत्त्या निघत गेल्या. २०१६ मध्ये सुधारित आवृत्ती आली आणि दहा वर्षे झाली तेव्हा २०२१ मध्ये आणखी एक आली. त्याच्या सहा कोटींहून अधिक प्रती खपल्याचे हॉवर्ड यांनी २०२३ मध्ये सांगितले. तरुणांचीच ही आवड आहे असेही नाही. शर्ली करी नावाच्या अमेरिकन आजी ऐंशीच्या घरात आल्यावर २०१५ पासून हा खेळ खेळतानाचे व्हिडिओ लोकांना दाखवू लागल्या आणि जगभर प्रसिद्ध झाल्या.

स्कायरिम हे एका काल्पनिक बर्फाळ प्रदेशाचे नाव आहे. त्याचे नऊ परगणे आहेत. प्रत्येक परगण्याच्या प्रमुखाला 'जार्ल' म्हणतात. डोंगर, नद्या, खेडी, खाणी, लाकडाच्या वखारी, किल्ले आणि भुयारे यांनी हा प्रदेश भरलेला आहे. शाळेतल्या धड्यासारखे एकामागून एक टप्पे येथे सक्तीचे नाहीत. समोर जो डोंगर दिसतो तिकडे चालत जाता येते. मुख्य कथा बाजूला ठेवून कुणी लोहारकाम करतो, कुणी जडीबुटी गोळा करतो, कुणी लाकडे फोडून वखारीत विकतो. अशा रचनेला 'ओपन वर्ल्ड', म्हणजे मोकळे जग म्हणतात. मुले यात का रमतात, याचे निम्मे उत्तर इथेच मिळते. दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला कुणी न अडवता मैलोन्मैल फिरायला मिळते! जेरेमी सोल यांचे संगीत, रात्री आकाशात हलणारे हिरवे प्रकाशपट्टे, ओढ्याकाठची शांतता हे सारे खरोखरच सुंदर आहे. ते नाकारण्याचे कारण नाही.

यादीत नाव नसलेला कैदी

खेळाची सुरुवात मोठी विलक्षण आहे. हात बांधलेल्या कैद्यांची गाडी चालली आहे आणि त्या गाडीत आपणही एक कैदी आहोत. गाडी हेल्गेन नावाच्या गावात थांबते. साम्राज्याचा एक सैनिक यादीतून एकेक नाव वाचतो. एक घोडेचोर "मी बंडखोर नाही" म्हणत पळत सुटतो, तर त्याला बाण मारून पाडतात. मग आपली पाळी येते. सैनिक यादी चाळतो, पण आपले नाव तिच्यात नाही. तो आपल्या वरिष्ठ बाईला विचारतो, याचे काय करायचे? ती म्हणते, यादी राहू दे, न्या त्याला वधस्तंभाकडे!

गुन्हा सिद्ध नाही, चौकशी नाही, नावसुद्धा नाही, तरी शिक्षा पक्की. मान ठोकळ्यावर ठेवली जाते तोच आकाशातून एक काळा ड्रॅगन झेपावतो, गाव पेटवतो आणि त्या गोंधळात आपण निसटतो. पुढे कळते की ड्रॅगनचा आत्मा शोषून घेण्याची शक्ती आपल्यात आहे. म्हणजे ज्याला कुणी माणसात धरले नाही, त्याच्याच हाती जगाचा बचाव येतो. ज्यांच्या वाडवडिलांची नावे कुठल्याच बखरीत आली नाहीत, अशा घरातल्या मुलाला ही सुरुवात भिडली तर नवल नाही.

जन्मराशी गेली, जन्मगुण राहिले

आपण कोण व्हायचे हे याच वेळी ठरते. दहा वंशांपैकी एक निवडायचा असतो. नॉर्ड हे तिथले गोरे, धिप्पाड रहिवासी. त्यांच्याशिवाय इतर मानववंश आहेत, तीन प्रकारचे एल्फ आहेत, ऑर्क आहेत, मांजरासारखे खाजीट आहेत आणि सरड्यासारखे आर्गोनियन आहेत.

या मालिकेतल्या आधीच्या दोन खेळांत, म्हणजे २००२ च्या 'मॉरोविंड'मध्ये आणि २००६ च्या 'ऑब्लिव्हियन'मध्ये, सुरुवातीलाच एक 'जन्मराशी' घ्यावी लागे आणि ती शेवटपर्यंत चिकटून राही. शिवाय योद्धा, जादूगार, चोर असा एखादा 'वर्ग'ही ठरवावा लागे. स्कायरिममध्ये ही दोन्ही जोखडे काढून टाकली. राशींच्या जागी रानावनात उभे असलेले दगड आले. दगडाला हात लावला की त्याचा गुण मिळतो. तो नको वाटला तर दुसऱ्या दगडाकडे जायचे. वर्ग तर उरलाच नाही. एकंदर अठरा कौशल्ये आहेत आणि जे वापराल ते वाढते. हातोडा चालवला की लोहारकाम सुधारते, घासाघीस केली की बोलण्याचे कसब वाढते, ढाल पुढे धरली की बचाव पक्का होतो. कुठल्याही वंशाचा माणूस सरावाने कुठलेही कौशल्य शंभरापर्यंत नेऊ शकतो. कुंडली मोडीत काढून सरावाला मान देणारा हा नियम मुलांच्या मनावर ठसला तर चांगलेच आहे.

पण पूर्ण समाधान होत नाही. वंश निवडला की काही गुण जन्मानेच पदरात पडतात. हाय एल्फना जादूची शक्ती जास्त, ऑर्कना जड चिलखताचे अंग, खाजीटना अंधारात दिसते. पाण्याखाली श्वास घेण्याची शक्ती सरड्यासारख्या जिवाला दिली तर समजण्यासारखे आहे. पण अमुक वंश हुशार, तमुक वंश दांडगा आणि अमका चोरटा, ही मांडणी आपण फार ऐकली आहे. ती कल्पित जगातही किती सहज शिरते, हे मुलांना दाखवून दिले पाहिजे.

वेशीबाहेरची माणसे

आता या खेळातल्या सर्वांत महत्त्वाच्या जागी येऊ. उत्तरेला विंडहेल्म नावाचे जुने दगडी शहर आहे. तिथला जार्ल उल्फ्रिक स्टॉर्मक्लोक याने साम्राज्याविरुद्ध बंड पुकारले आहे. आमच्या दैवताची पूजा बंद केली, आमची भूमी आम्हाला हवी, असे त्याचे म्हणणे. 'स्वातंत्र्य' हा शब्द त्याच्या शिपायांच्या तोंडी सतत असतो. खेळणाऱ्यालाही वाटते, यांच्या बाजूने लढावे.

आणि मग त्याच शहराचा दरवाजा उघडतो. आत पाऊल टाकताच दिसते काय, तर दोन नॉर्ड पुरुष राखी कातडीच्या एका डार्क एल्फ बाईला अडवून हेर म्हणून धमकावत आहेत. त्यातला एक रोल्फ. तो उल्फ्रिकच्या उजव्या हाताचा भाऊ. हाच रोल्फ रात्री दारू पिऊन डार्क एल्फांच्या वस्तीत शिव्या देत हिंडतो. हे डार्क एल्फ निर्वासित आहेत. त्यांच्या मॉरोविंड देशात ज्वालामुखी फुटला म्हणून ते पिढ्यांपूर्वी इथे आले. शहराच्या एका कोपऱ्यात अरुंद गल्ल्यांत ते राहतात. त्या भागाला पूर्वी 'स्नो क्वार्टर' म्हणत. हे लोक आले आणि तो 'ग्रे क्वार्टर', म्हणजे राखी वस्ती झाला. माणसांच्या रंगावरून वस्तीचे नाव पडले! ब्रुनवुल्फ नावाचा एक भला नॉर्ड खेळणाऱ्याला सांगतो की नॉर्डांच्या गावावर हल्ला झाला तर जार्ल लगेच माणसे धाडतो, पण या लोकांना कुणी लुटले तर त्याची हालचाल होत नाही.

त्यांच्याही खाली आर्गोनियन आहेत. त्यांना तर शहराच्या भिंतीच्या आत राहायची मुभाच नाही. ते बाहेर गोदीवर राहतात, जहाजांचा माल चढवतात-उतरवतात आणि नॉर्ड मजुराहून कितीतरी कमी मजुरीवर राबतात. शहराचे पोट त्यांच्या पाठीवर चालते, पण शहर त्यांचे नाही. आणखी एक कडवट गोष्ट आहे. 'मॉरोविंड' या जुन्या खेळात हेच आर्गोनियन डार्क एल्फांचे गुलाम होते. म्हणजे आज जो दबलेला आहे, त्याच्याही पायाखाली कालपर्यंत दुसरा कोणी होता. उतरंडीचे हे गणित आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

खाजीट व्यापाऱ्यांचीही तीच कथा. त्यांचे तांडे शहराच्या वेशीबाहेर तंबू ठोकतात, कारण ते चोर आणि चोरटा माल विकणारे, असा समज आहे. आत यायला बंदी, पण त्यांच्याकडचा माल सर्वांना हवा. आपल्या देशात इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी त्या तांड्यांकडे पाहण्याची नजर निवळायला किती काळ लागतो आहे! मेरिलँडमधल्या लेखकांनी आपले गावकूस पाहिले असेल असे नाही. त्यांच्यासमोर त्यांच्या देशातल्या वस्त्या असतील. पण जगात कुठेही जा, वेशीबाहेरच्या माणसाची जागा ओळखू येते.

एकटा नायक आत, बाकीचे बाहेर

लेखकांनी हा अन्याय दाखवला, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. स्वातंत्र्याची गर्जना करणाऱ्याच्याच शहरात अशी वस्ती ठेवून त्यांनी खेळणाऱ्याला मोठा प्रश्न विचारला आहे : हे स्वातंत्र्य कुणाचे? पण प्रश्न विचारून ते मागे सरले, ही आपली तक्रार आहे.

खेळणारा काय करू शकतो ते पाहा. रोल्फशी पैज लावून त्याला दोन ठोसे देता येतात. आर्गोनियनांपैकी एक जण मजुरीची तक्रार सांगतो, तर आपण त्यांच्या शेठकडे जाऊन, समजावून किंवा दमात घेऊन, त्याला न्याय्य मजुरी द्यायला राजी करू शकतो. हा प्रसंग चांगला आहे. पण तो दोन-चार वाक्यांत संपतो. मजुरांनी एकत्र बसणे नाही, संघटना नाही, संप नाही. बाहेरून एक वीर येतो, शेठशी बोलतो आणि निघून जातो.

यादवीत साम्राज्याच्या बाजूने लढून उल्फ्रिकला हरवले, तर तोच भला ब्रुनवुल्फ जार्ल होतो. आता तरी काही बदलेल म्हणून आपण पुन्हा त्या गल्ल्यांत जातो. पण राखी वस्ती तिथेच असते आणि गोदीवरची माणसे वेशीबाहेरच राहतात. गादीवरचा माणूस बदलला, वस्ती बदलली नाही!

सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट पुढेच आहे. समजा, खेळणाऱ्याने स्वतःसाठी आर्गोनियन वंश निवडला. तेव्हा त्याला कुणी वेशीवर अडवत नाही. तो शहरात हिंडतो. अटी पूर्ण केल्या की श्रीमंतांच्या भागातला वाडा विकत घेतो आणि जार्लकडून मानाची पदवीही मिळवतो. त्याचे भाऊबंद मात्र भिंतीबाहेर थंडीत पेट्या उचलत असतात. कसा काय आत आला, असे त्याला कुणी विचारत नाही आणि बाकीचे बाहेर का, याचे उत्तर त्यालाही द्यावे लागत नाही. काहींना ही खेळ बनवणाऱ्यांची नजरचूक वाटेल. पण आपल्या भोवती पाहिले तर ही चूक फार खरी आहे. एकाला वाडा मिळाला म्हणून वेस पडत नाही. जो एकटा वर चढला, त्याने खाली वळून पाहिले का, हा प्रश्न या खेळाने न विचारताच विचारला आहे.

जुन्या 'मॉरोविंड'मध्ये गुलामांच्या बेड्यांच्या किल्ल्या मिळवून त्यांना एकेक करून सोडवता येत असे. गुलामांना पळून जायला मदत करणारी 'ट्विन लॅम्प्स' नावाची गुप्त संघटनाही त्यात होती. त्या मानाने स्कायरिम दिसायला देखणे, पण या बाबतीत एक पाऊल मागे आहे.

एका गोष्टीत मात्र ते पुढे आहे. या खेळात लग्न करता येते आणि त्याला वंशाची आडकाठी नाही. स्त्री-पुरुष अशीही अट नाही. गोदीवर राबणारी शाहवी नावाची आर्गोनियन बाई हसतमुख, कामाची आवड असलेली आहे. तिच्याशीही लग्न होऊ शकते. पुजारी कुळ विचारत नाही, पाहुणे कुजबुजत नाहीत.

डोंगरावरचा म्हातारा ड्रॅगन

या खेळातले आणखी एक पात्र आपल्या घरांत चर्चेला घ्यावे असे आहे. सर्वांत उंच शिखरावर पार्थुरनाक्स नावाचा वृद्ध ड्रॅगन राहतो. एके काळी त्याने माणसांवर भयंकर अत्याचार केले. पुढे त्याने बाजू बदलली, माणसांना मदत केली आणि नंतर हजारो वर्षे एकांतात ध्यान करून आपल्या क्रूर वृत्तीला आवर घातला. तो सांगतो की ती वृत्ती मेलेली नाही, तिच्यावर रोज नजर ठेवावी लागते. चांगला स्वभाव घेऊन जन्मणे मोठे, की वाईट स्वभावावर प्रयत्नाने मात करणे मोठे, असे तो आपल्याला विचारतो. अंगुलिमालाची गोष्ट ऐकून वाढलेल्या मुलाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला वेळ लागू नये.

पण 'ब्लेड्स' नावाची योद्ध्यांची संघटना हट्ट धरते की जुन्या गुन्ह्यांसाठी त्याला मारलेच पाहिजे. नाही तर आमची मदत बंद. त्यांची समजूत घालायची वाट खेळाने ठेवलेली नाही. फक्त नकार देता येतो आणि मग ती अपुरी कामगिरी वहीत तशीच पडून राहते. ती तशी पडू देणे, हेच कदाचित या खेळातले सर्वांत शहाणपणाचे काम आहे.

आईबापांनी काय करावे?

काही गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. हा लहान मुलांचा खेळ नाही. तलवारबाजी, रक्त, मुंडकी उडणे, दारू हे सर्व त्यात आहे. युरोपात त्याला अठरा वर्षांवरील आणि अमेरिकेत सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठी असा शिक्का आहे. तो शिक्का पाहूनच निर्णय घ्यावा. खेळात चोरी आणि खुनाच्या टोळ्यांतही सामील होता येते. खेळणारा कोणती वाट धरतो, यावर जरूर बोलावे. सुरुवातीच्या काळात त्यात बिघाडही पुष्कळ होते. २०११ च्या एका दुरुस्तीनंतर तर ड्रॅगन उलटे उडू लागले होते! पुढे जादा पैसे मोजून घ्यायच्या वस्तूही आल्या, तेव्हा पैसे भरण्याची सोय मुलांच्या हाती मोकळी सोडू नये.

"आत्ता उठता येत नाही" ही सबब इथे चालत नाही. हा एकट्याने खेळायचा खेळ आहे आणि जवळजवळ कुठेही जतन करून थांबता येतो. अभ्यासाची आणि झोपेची वेळ ठरवावी आणि ती पाळायला लावावी. संवादाखाली इंग्रजी अक्षरे दिसण्याची सोय आहे, ती चालू ठेवावी. खेळाच्या जगात वाचायला शेकडो छोटी पुस्तकेही आहेत. अडलेला शब्द मुलाने वहीत लिहिला तर इंग्रजीची भीती थोडी कमी होईल.

आणि एक दिवस आईने किंवा वडिलांनी शेजारी बसून सांगावे, "चल, मला ते विंडहेल्म दाखव. गोदीवर घेऊन चल." मग विचारावे, "ही माणसं बाहेर का राहतात रे?" त्या एका प्रश्नाने तासाभराचा खेळ कारणी लागेल.

भिंत पाडण्याचे हत्यार

शेवटी महत्त्वाची गोष्ट. फेब्रुवारी २०१२ मध्ये बेथेस्डाने 'क्रिएशन किट' नावाचे साधन संगणकावर खेळणाऱ्यांना मोफत दिले. त्याने या जगात बदल करता येतो. नवे घर बांधता येते, नवी माणसे, नवे संवाद, नवी कथा घालता येते. त्यासाठी 'पपायरस' नावाची संगणकी लिपी शिकावी लागते. अशा बदलांना 'मॉड' म्हणतात. अलेक्झांडर व्हेलिकी या अमेरिकन तरुणाने एकोणिसाव्या वर्षी, २०१३ मध्ये, 'फॉल्स्कार' नावाचा अख्खा नवा प्रदेश तयार केला आणि त्या बळावर खेळ बनवणाऱ्या बंगी या कंपनीत नोकरी मिळवली. ऑस्ट्रेलियातील निक पिअर्स हे तेव्हा पेशाने वकील होते. त्यांनी २०१५ मध्ये 'द फॉरगॉटन सिटी' हा मॉड केला, त्याला तिथल्या लेखक संघाचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्याचाच स्वतंत्र खेळ झाला.

म्हणजे जी वेस मूळ लेखकांनी उभी ठेवली, ती पाडायचे हत्यार त्यांनीच खेळणाऱ्यांच्या हाती दिले आहे. पण ते शिकल्याशिवाय चालत नाही. आपल्या वस्तीतली एखादी मुलगी उद्या ते शिकेल, गोदीवरच्या माणसांची सभा भरवेल, त्यांना वेशीच्या आत घर देईल आणि ती कथा जगभरची मुले खेळतील. ड्रॅगन मारणारे कोट्यवधी झाले. आता वेस पाडणारी हवी आहे!